लीट्रिमची अंबाडी

आयर्लंड पाहायला आलेले लोक लीट्रिमला जात नाहीत. तिथे समुद्राचे उंच कडे नाहीत, नावाजलेले किल्ले नाहीत. पाणी मात्र भरपूर आहे. ते तळ्यांत आहे, शेतांत आहे, रस्त्याच्या कडेच्या गवतात आहे आणि बहुतेक वेळ हवेतही आहे. आम्ही तिथे गेलो, कारण २०२०च्या सप्टेंबरच्या शेवटी जाता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. डब्लिन पुन्हा बंद झालं होतं, डोनेगलही बंद झालं होतं, आणि रोज संध्याकाळच्या बातम्यांत पुढचं नाव कोणाचं येतंय याकडे सगळे कान लावून बसत होते.

मी डंडॉकला राहतो. आई फेब्रुवारीत माझ्याकडे आली होती. पाडव्याला परत जायचं म्हणून तिने गुढीची काठीसुद्धा शेजारणीकडे सांगून ठेवली होती. मग विमानं थांबली. व्हिसाची मुदत सरकारनेच वाढवून दिली, त्याबद्दल मी आजही या देशाचा आभारी आहे. पण आई घरात अडकली ती अडकलीच. आता नोव्हेंबरच्या विमानात जागा मिळाली होती, आणि त्याआधी तिला चार भिंतींपलीकडचं काहीतरी दाखवावं असं मला फार वाटत होतं.

आईने वाशीम जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत आयुष्यभर स्वयंपाक केला. मी त्याच शाळेत शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. इथे औषधांच्या कारखान्यात माझं काम ओल्या पावडरी वाळवण्याचं आहे: किती ओल राहिली, किती गेली, कुठे बिघडलं, हे पाहायचं. आई गावाकडे फोनवर सांगते, "गजू तिकडे वाळवण घालते." लोक हसतात. पण काम खरंच तेच आहे.

या सगळ्या महिन्यांत आई इंग्रजी फारसं शिकली नाही. एक शब्द मात्र तिला माझ्यापेक्षा चांगला कळला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई पायरीवरून पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात घेऊन त्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, कशा आहात? म्हणाल्या, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत अगदी मजेत. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घरात आल्यावर म्हणाली, "इथे मानसानं ग्रँड म्हनलं का समजून जायचं, लई दुखून राह्यलं."

चिखलात

आम्ही उतरलो त्या गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

घर एका टेकाडाच्या पायथ्याशी होतं. मालकांचं मोठं घर पुढे, आणि मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी दोन खोल्यांचं छोटं घर. वळताना समोरून मेंढ्या आल्या म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि डावी चाकं हिरवळीत रुतली. हिरवळ कसली, वर गवत आणि खाली लापशी. मी जोर दिला तशी गाडी आणखी खाली गेली.

"उतर आता," आई म्हणाली, "नाई त इथेच पेरल्या जाशीन."

मालक ट्रॅक्टर घेऊन आले. शेमस, सत्तरीचा उंच माणूस, खांद्यात वाकलेला. गाडीला साखळी बांधताना त्यांनी तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला आणि लगेच दोन पावलं मागे सरकून माफी मागितली. "बायको घरात आजारी आहे. तिच्यासाठी जपावं लागतं." गाडी निघाल्यावर मी किती आभार मानले! ते म्हणाले, "तुम्ही पहिले नाही. या रस्त्याने पोस्टमनलाही गिळलंय."

संध्याकाळी आमच्या दाराबाहेर फडक्यात गुंडाळलेला गरम पाव ठेवलेला होता. इथला घरचा पाव गव्हाच्या जाड पिठाचा असतो, यीस्ट नाही, वर सुरीने फुली मारलेली. आईने तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाली, "भाकरीची मावसबहीन." लोणी लावून आम्ही तो पिठल्याबरोबर खाल्ला. बाहेर पाऊस पडत होता. आमच्याकडच्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही, तर कोणीतरी हलक्या हाताने सतत चाळत बसल्यासारखा.

जेवताना पुढच्या घरातून आवाज आला. आधी वाटलं कुत्रं. मग कळलं, बाई कण्हत होती. मध्येच ओरडली. शेमसचा समजावणीचा आवाज आला, आणि पुन्हा तेच. आईने हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडे असा आवाज आला असता तर एव्हाना अर्धी गल्ली त्या घरात असती. इथे त्या वर्षी कोणाच्या दारात जाणं म्हणजे त्याला मारायला जाण्यासारखं होतं.

टर्फच्या छपरीत

सकाळी आई बाहेर फिरायला गेली आणि धावतच परत आली. कित्येक महिन्यांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

"गजू! अरे अंबाडी हाये! ह्या लोकाइच्या छपरीत अंबाडीच्या जुड्याच्या जुड्या टांगल्या हायेत!"

डंडॉकमध्ये आईने कशाची आठवण काढली असेल तर अंबाडीची. पालक, कोबी, ब्रोकोली सगळं खाऊन झालं होतं, पण कण्या घालून केलेल्या अंबाडीच्या भाजीचं नाव ती रोज घ्यायची. तिचे वडील अंबाडी भिजवून तिचे दोर वळायचे. ते पान ती झोपेतही ओळखेल.

मी तिच्यामागे गेलो. टर्फ म्हणजे इथे जाळायला कापून वाळवलेली दलदलीची माती. ती ठेवायची तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी अशी पत्र्याची छपरी होती. आत पत्र्याखाली दोऱ्या बांधून झाडं उलटी टांगलेली. पाच बोटांची, करवतीच्या कडेची पानं. हुबेहूब अंबाडी. पण मला वास आधी आला.

"आई, हात नको लावू. अंबाडी नाही ही. गांजा आहे."

"गांजा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे बाबा लोकं चिलमीत भरतात थो?"

"तोच. आणि इथे तो गुन्हा आहे. चल, बॅग भरू."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी इथे कामाच्या परवान्यावर आहे. असल्या जागी पोलिसांनी आमची नावं जरी लिहून घेतली, तरी शाळा, स्कॉलरशिप, आईचे चुलीपुढचे सगळे दिवस एका सकाळी पुसले जातील. मी खोलीत जाऊन कपडे कोंबायला लागलो. आई दारात उभी राहिली.

"काल रातच्याला थे बाई कन्हत होती, तुनंही आयकलं ना?"

"ऐकलं."

"मंग तिच्याच साठी असन. इचारून त पाह्य. न इचारता पळून गेला त थो मानूस काय समजन?"

विचारावं लागलं नाही. आम्हाला छपरीत बोलताना शेमसने स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. ते अंगणात आले, दोन हात लांब थांबले आणि टोपी काढून म्हणाले, "तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"माझ्या मॉरासाठी आहे. दुसऱ्या कोणासाठी एक पानही नाही."

मॉराला पंधरा-वीस वर्षं मज्जातंतूंचा आजार होता. पाय गेले होते, आता संध्याकाळ झाली की अंगातले स्नायू पिळवटायचे. डॉक्टर चांगले होते, गोळ्या होत्या, पण संध्याकाळनंतर त्यांचा उपयोग होत नसे. कायद्याने औषध म्हणून हे मिळेल असं नुसतं ऐकत ते थकले होते. गेल्या वर्षी कोणी चार बिया दिल्या. कुंपणामागे लावल्या, आणि त्या हिवाळ्यात मॉरा छोट्या पाइपमधून थोडंसं ओढायची आणि झोपायची. ती झोपली की तेही झोपायचे.

"झोप मिळाली तर मी तिला सांभाळू शकतो," शेमस म्हणाले. "नाही मिळाली तर मी उचलताना पडतो. मागच्या महिन्यात दोघंही पडलो. मुलगी म्हणते, आईला नर्सिंग होममध्ये ठेवा. यंदा तिथे गेलेल्या माणसाला कोणी भेटू शकत नाही. मॉरा मला रोज एकच सांगते, हा हिवाळा मला घरात काढू दे."

मी विचारलं, मग इतक्या ओलीत बाहेर का टांगलंय? इथल्या प्रत्येक घरात गरम पाण्याच्या टाकीशेजारी एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. चादरी, टॉवेल त्यात ऊबदार ठेवतात. घरातली सगळ्यात कोरडी जागा ती.

"गेल्या वर्षी तिथेच वाळवलं. यंदा सरकारी नर्स आठवड्याला येते. तिला वास आला तर ती लिहील. लिहिलं तर मदत बंद होईल, की पोलीस येतील, मला काय माहीत? पण ती आली नाही तरीही आमचं चालणार नाही." मग त्यांनी आईकडे पाहून विचारलं, "तुमच्या आई काय म्हणत होत्या? अम... अम्बा?"

"अंबाडी. आमच्याकडची भाजी. पान असंच दिसतं. तिला ती शिजवायची होती."

शेमसच्या गालावर काहीतरी हललं. ते घराकडे वळून ओरडले, "मॉरा! या बाई तुझं औषध जेवायला करणार होत्या!"

आतून हसण्याचा आवाज आला. मी बॅग तशीच ठेवली.

वाळवण

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लीट्रिममध्ये ऊन पडणं म्हणजे बातमी असते. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला हात उंचावून आकाशाबद्दल काहीतरी बोलत होता.

आई मला न विचारता मोठ्या घरापाशी गेली आणि खिडकीतून शेमसला खुणा करू लागली: चादर, अंथरायची, ऊन. तिच्या डोक्यात सरळ हिशेब होता. जे ओलं आहे ते पसरायचं, उलटायचं, राखत बसायचं. कुरडया असोत, सांडगे असोत, नाहीतर हे. अंगण मागच्या बाजूला होतं, रस्त्यावरून दिसत नव्हतं. मी विरोध केला नाही. आजाऱ्याचं औषध उन्हात घालणाऱ्या माझ्या आईला मी काय म्हणून थांबवणार होतो?

मॉराने हॉट प्रेसमधून एक पांढरी लिननची चादर काढायला लावली. लग्नातली होती. शेमसने तिची चाकांची खुर्ची उघड्या दारात आणून ठेवली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरे आखूड केस, डोळे अगदी तरुण, आणि मांडीवर घट्ट दाबून धरलेले हात.

"कशा आहात?" मी लांबूनच विचारलं.

"ग्रँड," ती म्हणाली.

आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

चादरीवर जुड्या पसरल्या. आई पाटासारखी एक टर्फची वीट घेऊन शेजारी बसली, हातात काठी. शेमसच्या कोंबड्या आल्या. वाळवणावर येणाऱ्या कोंबड्यांशी आई जन्मभर भांडत आली आहे. भाषा तीच वापरली.

"हाट्! मेल्यांनो, खासान त नाचत सुटसान!"

मॉराने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. मॉरा इतकी हसली की खुर्ची हलली, आणि मग शेमस हसले, आणि मग न कळता आईही. मॉरा डोळे पुसत म्हणाली, "तो शब्द पुन्हा सांगा."

"अंबाडी."

"अम्बाडी. शेमस, आजपासून फोनवर हेच म्हणायचं. कोणी ऐकलं तरी भाजीच आहे."

ते हसत होते तेव्हा मी जुड्या उलटत होतो. उलटताना फुलांचं एक बोंड बोटांत दबलं आणि आतून धूर निघाल्यासारखी बारीक राखाडी भुकटी उडाली. मी ते उन्हाकडे धरून उघडलं. आत पांढरी लव होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि मधला भाग कुजून तपकिरी. शेजारचं उघडलं. तेच. लांबचं एक घेतलं, बाहेरून हिरवंगार. आत तेच.

कारखान्यात असं दिसलं तर ते फेकून द्यायला मला एक क्षणही विचार करावा लागत नाही. तिथे ती पावडर असते, तिला नाव नसतं आणि दारात बसून ती हसत नसते. मी खाली मान घालून आणखी काही वेळ नुसत्या जुड्या उलटत राहिलो. ढग आले. पहिले थेंब पडले तशी आई चादरीची टोकं गोळा करायला धावली.

छपरीत शेमस आणि मी दोघंच होतो तेव्हा मी त्यांना ते बोंड दाखवलं.

त्यांनी खूप वेळ पाहिलं. "तेवढं खुडून टाकू. बाकी चांगलं आहे."

"बाकीही तसंच आहे. मी बरीच पाहिली. मॉरा ज्या गोळ्या घेतात त्यांनी अंगातली आजाराशी लढायची ताकद कमी होते ना? ही बुरशी धुरातून छातीत गेली तर..."

"तर काय?"

"तर हिवाळा निघणार नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. ते म्हणाले, "तुझं काम हेच आहे ना? वाळवण्याचं."

"हो."

"मग काही मार्ग असेल."

मला तो मार्ग सांगता आला असता तर मी माझ्या परवान्याचाही विचार केला नसता, असं आज वाटतं. पण मार्ग नव्हता. ओल काढता येते, कुजलेलं परत आणता येत नाही. मी तेच सांगितलं. माझं शिक्षण त्या दिवशी एवढ्याच कामी आलं: एका माणसाला 'नाही' म्हणण्यासाठी.

मी खोलीत येऊन सांगितल्यावर आई आधी मानायला तयार नव्हती. "अजून दोन दिवस ऊन दाखवू ना! आपन मिरच्या नाई का वाचवल्या?" मग तिने एक बोंड स्वतः उघडलं, वास घेतला आणि पदराला बोटं पुसली. शेमसने ते सगळं शेणखताच्या ढिगात पुरलं. जाळता येत नव्हतं, वास दरीभर गेला असता. मॉराला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी कण्हण्याचा आवाज आला नाही. ती आवाज दाबत होती असं आई म्हणाली.

आईने चादर धुतली. तीनदा धुतली. हिरवा डाग काही गेला नाही.

निघताना मॉरा दारात होती. आई लांब उभी राहून हात जोडत होती. मग एकदम म्हणाली, "मोराबाई, तब्बेतीले जपजा." मॉराने मान हलवली. तिला मराठी कळलं नसेल, पण मान तिने कळल्यासारखीच हलवली.

पाच किलोमीटर

ऑक्टोबरात सगळा देश बंद झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. नोव्हेंबरात मी खास परवानगीचे कागद घेऊन आईला विमानतळावर सोडलं. ती काचेपलीकडून वळून वळून पाहत गेली.

शेमसला मी अधूनमधून फोन करायचो. "अंबाडी मिळाली का कुठे?" ते म्हणायचे, "नाही. हंगाम गेला." जानेवारीत ते पुन्हा पडले, या वेळी त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. ते हॉस्पिटलात आणि मॉरा नर्सिंग होममध्ये, एकाच दिवशी. मॉराने घरातून नेताना एकच वस्तू मागितली, असं त्यांनी सांगितलं. ती चादर.

काठी घेऊन चालायला लागल्यावर ते रोज तिथे जायचे आणि बाहेर खिडकीपाशी उभे राहायचे. आतही फोन असायचा, बाहेरही. मध्ये काच असायची.

मे महिन्यात प्रवास खुला झाला तसा मी गेलो. कुंपणांवर हॉथॉर्नची पांढरी फुलं इतकी आली होती की फांद्या दिसत नव्हत्या. शेमसना आता आत जायला परवानगी होती. मला नव्हती, मी नात्यातला नव्हतो. मी खिडकीपाशी उभा राहिलो. मॉरा फार बारीक झाली होती. पायांवर ती पांढरी चादर होती, मधोमध हिरवा डाग. एक तरुण परिचारिका ती नीट करत होती. शेमसने फोन चालू ठेवला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"मॉरा, ही बदलायला द्याल का कधी? हा डाग कसला आहे?"

"अम्बाडी," मॉरा म्हणाली. "भारतातली भाजी आहे. एक मैत्रीण करणार होती."

मग तिने मला पाहिलं. मी फोन कानाला लावून विचारलं, कशा आहात?

दुसऱ्या दिवशी सकाळी डंडॉकहून मी आईला व्हिडिओ फोन लावला. गावाकडे उन्हाळा होता. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, आणि काठी तिच्या मांडीवर होती.

"भेटली का मोराबाई? कशी हाये?"

"ग्रँड आहे म्हणाली."

कोंबडी वाळवणात शिरली, आईने हाकललीही नाही.

"इतकं दुखते का तिले?" ती म्हणाली.